कापसाच्या गंजीत ‘वस्तू’ नेमकी कोणती? सर्वसाधारण समतोल आणि असममित माहिती

माळरान

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर वावरात असतो. त्यामुळे हा प्रश्न अर्धा पुस्तकातून आणि अर्धा बंडीतून आलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दिवाळीनंतर आम्ही पहिल्या वेचणीचा कापूस बाजार समितीत नेला. तो दोन दिवस उन्हात वाळवलेला होता आणि आईने बसून त्यातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाला वेगळा काढलेला होता. आमच्या पुढे जी गाडी उभी होती, तिच्यातल्या कापसावर आदल्या रात्री पाणी मारलेले होते. गाडी आमच्याच गावची असल्यामुळे ही गोष्ट मला ठाऊक होती. व्यापाऱ्याला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हर्रासाचा, म्हणजे लिलावाचा, घोळका आला, एकाने कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस उपसला, दोन अंगठ्यांमध्ये धरून धागा ताणून पाहिला, एक सरकी दाताखाली फोडली आणि भाव पुकारला. दोन्ही गाड्यांच्या भावात क्विंटलमागे पन्नास रुपयांचाही फरक नव्हता. परतीच्या वाटेवर वडील एवढेच म्हणाले, “पुढच्या साली वाळवत बसाचं नाई.”

आता पुस्तकाकडे येतो. सगळ्या बाजारांत मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळणे म्हणजे सर्वसाधारण समतोल. अर्थशास्त्रज्ञ लेऑन वालराने १८७४ मध्ये त्यासाठी सगळ्या बाजारांची समीकरणे एकत्र मांडली आणि समीकरणे जितकी तितकीच अज्ञाते आहेत, एवढ्यावर समाधान मानले. असा समतोल खरोखर असतो याची सर्वसाधारण सिद्धता केनेथ ॲरो आणि जेरार्ड डेब्रू यांनी १९५४ मध्ये दिली, आणि त्याच वर्षी लायोनेल मॅकेन्झी यांनीही स्वतंत्रपणे दिली. सिद्धतेचा कणा म्हणजे काकुतानीचे १९४१ चे स्थिरबिंदू प्रमेय; स्थिरबिंदू म्हणजे जिथून पुढची पायरी पुन्हा तिथेच आणते तो बिंदू. किमतींचा संच बंदिस्त आणि बहिर्वक्र (म्हणजे कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेषा आतच राहते असा) असला आणि मागणी-पुरवठ्याची संगती पुरेशी सुरळीत असली, तर असा एक किंमत-सदिश, म्हणजे सगळ्या किमतींची यादी, सापडतोच की ज्याच्यापाशी कोणत्याही बाजारात मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त उरत नाही. ही सिद्धता मी वर्गात शिकवलेली आहे आणि तिच्यात मला कुठेही फट दिसत नाही.

माझा प्रश्न असा आहे. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर या इमारतीचा कोणता भाग खचतो? समतोलाचे अस्तित्वच जाते, की अस्तित्व राहते पण त्याची कार्यक्षमता जाते, की त्याही आधीचे काहीतरी, म्हणजे ‘वस्तू’ या शब्दाची व्याख्याच, डळमळते?

शून्यशेष

सर, तुमच्या तिन्ही पर्यायांपैकी शेवटचा मला मुळाशी जाणारा वाटतो, म्हणून तिथून सुरुवात करतो. डेब्रू यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात वस्तूची व्याख्या करताना पहिले उदाहरण गव्हाचे घेतले आहे. नुसता ‘गहू’ म्हणणे पुरेसे नाही, त्याची प्रतवारी सांगितली पाहिजे, आणि मिनियापोलिसमधला गहू व शिकागोमधला गहू या पिठाच्या गिरणीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे ते सांगतात. प्रत, ठिकाण, तारीख, आणि पुढे जाऊन त्या दिवशी निसर्गाची जी अवस्था असेल ती, एवढे सगळे मिळून एक वस्तू होते. तुमचा वाळवलेला कापूस आणि पुढच्या गाडीतला ओला कापूस या अर्थाने दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि सिद्धांत त्यांना दोन वेगळ्या किमती द्यायला तयारच आहे. अडचण एवढीच आहे की कोणती गाडी कोणत्या वस्तूची आहे हे सगळ्यांना फुकट आणि अचूक कळते, असे सिद्धांताने न बोलता गृहीत धरलेले आहे. प्रतवारी करणारा माणूस, त्याचा हात, त्याचा वेळ आणि त्याची नियत यांना त्या पानावर जागा नाही.

आता अस्तित्वाचे पाहू. इथे कापसापेक्षा बैल बरा, कारण बैलाची खोड मालकालाच ठाऊक असते. आठवडी बाजारात विकायला येऊ शकतील अशा बैलांची, त्यांच्या मालकांच्या लेखी असलेली किंमत २० हजारांपासून ८० हजारांपर्यंत सारखी पसरलेली आहे, असे धरा. घेणाऱ्याकडे वावर जास्त आहे, म्हणून त्याच्या लेखी कोणत्याही बैलाची किंमत मालकाच्या किमतीच्या १.२ पट आहे. दोघांनाही बैल पुरता दिसत असता, तर प्रत्येक बैल विकला गेला असता, कारण प्रत्येक सौद्यात दोघांचाही फायदा आहे.

पण घेणाऱ्याला फक्त सरासरी ठाऊक आहे. सगळे बैल बाजारात आले तर सरासरी ५० हजार आणि घेणारा देणार ६० हजार. भाव ६० हजार म्हटल्यावर ज्यांचा बैल त्याहून मोलाचा आहे ते तो दावणीवरून सोडतच नाहीत. मग उरलेल्यांची सरासरी ४० हजार होते आणि घेणारा ४८ हजारांवर येतो. ४८ हजारांना आणखी काही मालक घरी थांबतात आणि पुढचा भाव ४०,८०० होतो. भाव p असेल तर पुढचा भाव १२ हजार अधिक ०.६p, आणि हा उतार p = ३० हजारांवर थांबतो. म्हणजे २० ते ३० हजारांचे बैल तेवढे विकले जातात आणि सहापैकी पाच मालक आपला बैल घेऊन परत जातात.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ३० हजार हाही स्थिरबिंदूच आहे. तुमचे प्रमेय इथे मोडलेले नाही. या उदाहरणात समतोल आहे, तो एकच आहे, आणि तो अत्यंत वाईट आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या निमित्ताने हीच मांडणी केली आणि तिलाच पुढे प्रतिकूल निवड हे नाव रूढ झाले. त्या लेखात आपल्याकडची उदाहरणेही आहेत. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणींना ते निवडत बसावे लागते, हे त्यांनी नोंदवलेले आहे. गावच्या सावकाराचा व्याजदर शहरातल्या बँकेपेक्षा इतका जास्त का, याचाही विचार त्यात आहे. बाहेरचा माणूस स्वस्त पैसा आणून गावात वाटायला बसला, तर कोण बुडवणारा आणि कोण फेडणारा हे त्याला ठाऊक नसल्यामुळे बुडवणारेच त्याच्या वाट्याला जास्त येतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

सरकी_आणि_रुई

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, पंधरा वर्षे काम करतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. व्यापाऱ्याला काहीच कळत नाही हे गृहीतक वरवरचे आहे. हर्रासाच्या वेळी त्याला कमी कळते हे खरे, कारण हात कोपरापर्यंतच जातो आणि गाडीच्या तळाशी फरदड (हंगामानंतर पुन्हा घेतलेला कापूस) आहे की कवडी हे वरून समजत नाही. परंतु गाडी जिनिंगवर खाली होऊ लागली की फावड्यागणिक सगळे उघडे पडते. तिथे ओलावा मोजण्याचे यंत्र असते, आणि ८ टक्के ओलावा हा पाया धरून त्यावर कटती, म्हणजे भावात कपात, लावण्याची आणि १२ टक्क्यांच्या वर माल न घेण्याची सरकारी खरेदीची रीत सगळ्यांना माहीत आहे. खासगी व्यापारी तीच मोजपट्टी आपल्या सोयीने वापरतो.

खरी गोम अशी आहे की तोवर कास्तकाराने गाडीभाडे दिलेले असते, हमाल अंगावर आलेले असतात आणि कापूस पुन्हा भरून परत नेणे त्याला परवडत नाही. अशा वेळी ‘माल पाहिजे तसा नाही’ म्हणून भाव तोडला जातो. कधी तो तोडण्याचे कारण खरे असते, कधी नसते, आणि यंत्राचा काटा कोणत्या ढिगात खुपसला हे कास्तकाराला वादात पटवून देता येत नाही. म्हणजे सकाळी माहिती शेतकऱ्याच्या बाजूला जास्त असते आणि दुपारी ती व्यापाऱ्याच्या बाजूला झुकते. शून्यशेष सरांच्या बैलाच्या हिशेबात माहिती एकाच बाजूला आहे. आमच्याकडे ती दिवसातून एकदा कूस बदलते.

आणखी एक सांगतो. चांगल्या कापसाचा रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर मिळणारी रुई, शंभर किलोमागे ३५ च्या घरात जातो. तो एक किलोने इकडेतिकडे झाला तरी जिनिंगवाल्याचा त्या गाडीवरचा नफा पालटतो. पण उतारा कळतो तो गाडी-गाडीचा माल एकाच गंजीत मिसळल्यानंतर. त्यामुळे कोणत्या गाडीने किती रुई दिली हे आम्हालाही शेवटपर्यंत कळत नाही. माळरान सरांना कमी भाव देणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याने गंजीचा भाव दिला.

जुना_ग्रेडर

‘गंजीचा भाव’ हे वाचून राहवले नाही. मी एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात केंद्रावर प्रतवारीचे काम केलेले आहे. १९७२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा राज्यात कच्चा कापूस खासगी व्यापाऱ्याला विकण्यास बंदी होती आणि सगळा कापूस पणन महासंघामार्फत सरकार घेत असे. शून्यशेष यांनी ज्या माणसाला सिद्धांतात जागा नाही असे म्हटले, तो माणूस म्हणजे मी. समोर टेबल, टेबलावर नमुन्याच्या पेट्या, आणि बाहेर दोन-दोन दिवस मुक्कामाला थांबलेल्या बंड्यांची रांग. एका बंडीला फार तर काही मिनिटे मिळत. वरची प्रत दिली तर वरिष्ठ विचारत, खालची दिली तर कास्तकार भांडत. म्हणून बहुतेक जण मधली प्रत लिहून मोकळे होत. मीही तसेच केले आहे. मधली प्रत लिहिणाऱ्याला कोणीच काही विचारत नाही, हे वर्षभरात कळून चुकते.

परिणाम काय झाला, तर बैलबाजारात जे झाले तेच. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की चांगला कापूस रात्री सीमेपलीकडे जाई, आणि आपला हमीभाव चढा असला की पलीकडचा कापूस आपल्या केंद्रावर येई. सरासरी भाव देणाऱ्याकडे सरासरीपेक्षा वाईट माल जमा होतो, हे आम्हाला ॲकरलॉफ न वाचता दिसत होते. तरीही ही योजना सुमारे तीस वर्षे चालली आणि पडत्या भावाच्या साली तिने पुष्कळ घरे सावरली, हेही तितकेच खरे आहे. ती नुसतीच चूक होती असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याशी भांडेन.

पैनगंगा

मी ग्रामीण बँकिंगमध्ये आहे. ॲरो-डेब्रू यांच्या रचनेत निसर्गाच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळा करार असतो असे वाचले आहे, म्हणजे ‘ऑगस्टात २१ दिवस पावसाने उघाड दिली तर अमुक द्या’ असे. मग पीक विमा हा त्याचाच नमुना नव्हे काय? आणि तसे असेल, तर माझ्या शाखेत रोज येणाऱ्या तक्रारीचा अर्थ काय लावायचा, की ‘माझे वावर बुडाले, महसूल मंडळाचे उत्पन्न चांगले आले म्हणून मला छदामही मिळाला नाही’?

शून्यशेष

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विम्यात अस्तित्वालाच धक्का बसतो, हे आधी नोंदवतो. मायकेल रॉथशील्ड आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवले की काठावरच्या बुडीत वावराचा मालक आणि उंचवट्यावरच्या निर्धोक वावराचा मालक, दोघांनाही एकाच हप्त्यात बसवणारा विमा स्पर्धेत टिकत नाही. कारण दुसरी कंपनी कमी भरपाई आणि कमी हप्ता असा विमा काढून उंचवट्यावरच्यांना नेमके वेचून नेते. मग दोघांसाठी वेगवेगळे विमे करावे लागतात: काठावरच्याला पूर्ण भरपाई महाग हप्त्याने, आणि उंचवट्यावरच्याला स्वस्त पण अपुरी भरपाई. ही अपुरी भरपाई म्हणजे त्या बिचाऱ्याने आपण निर्धोक आहोत हे सिद्ध करण्यासाठी मोजलेली किंमत होय. आणि उंचवट्यावरच्यांचे प्रमाण फार मोठे असेल, तर ही फोडही टिकत नाही आणि समतोल उरतच नाही. तेव्हा माळरान सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कधी कधी’ असे आहे.

आता मंडळाच्या तक्रारीकडे वळतो. रॉय रॅडनर यांनी १९६८ मध्ये ॲरो-डेब्रू यांच्या रचनेत प्रत्येक व्यक्तीला तिचे स्वतःचे माहितीचे विभाजन दिले. निसर्गाच्या ज्या दोन अवस्था मला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्या दोन्हींमध्ये माझा सौदा सारखाच असला पाहिजे, एवढीच अट त्यांनी घातली. गणिताच्या भाषेत, माझा सौदा माझ्या विभाजनावर मापनीय हवा. ही अट घातली आणि माहिती जशीच्या तशी स्थिर धरली, तर १९५४ ची सिद्धता जवळजवळ तशीच लागू पडते. अट लहान दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. ज्या घटनेवर करार करायचा, ती दोन्ही बाजूंना ओळखता आली पाहिजे.

तुमच्या वावरात किती बोंडे धरली हे तुम्हाला दिसते, विमा कंपनीला दिसत नाही. तुम्ही फवारणी वेळेवर केली की नाही हेही तिला दिसत नाही. म्हणून वावरापुरता करार केला तर प्रतिकूल निवडीबरोबर नैतिक जोखीमही, म्हणजे विमा आहे म्हणून काळजी कमी घेण्याचा धोकाही, येते. मंडळातल्या ठरावीक वावरांत होणारा पीक कापणी प्रयोग मात्र दोघांनाही दिसतो, आणि एकट्या कास्तकाराला त्याचा आकडा हलवता येत नाही. म्हणून मुख्य करार मंडळाच्या सरासरीवर होतो: मागच्या वर्षांवरून काढलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष सरासरी खाली गेली तर सगळ्यांना भरपाई, नाही तर कोणालाच नाही. म्हणजे पीक विमा हा ॲरो-डेब्रू यांचा नव्हे, रॅडनर यांचा करार आहे. तुमच्या शाखेत येणाऱ्या माणसाचे वावर आणि त्याचे मंडळ यांच्यात जो फरक पडला, तो त्या मापनीयतेची किंमत आहे, आणि ती एकट्याने सोसायची पाळी त्याच्यावर आलेली आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली, तेव्हा कर्जदारांना ती सक्तीची होती आणि २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. सक्ती हा प्रतिकूल निवडीवरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात नावडता उपाय आहे. ती उठल्यावर मुदत हाच एक अडसर उरतो: नाव नोंदवण्याची तारीख जुलैअखेरच्या आसपास असते, म्हणजे ऑगस्टाची उघाड डोळ्यांना दिसू लागण्याच्या आधी.

धुऱ्यावरची_बाभूळ

एवढा वेळ सगळे जण विकणारा आणि घेणारा यांच्याबद्दल बोलत आहेत. कापूस गाडीत येण्याआधी तो वेचावा लागतो, आणि वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी असते. माझे सात एकर आहे आणि वेचणीच्या दिवसांत मी स्वतः कमरेला ओटी बांधून असते, म्हणून सांगते.

किलोवर मजुरी दिली की बोंडासोबत सुकलेला पाला आणि पात्याचा चुरा येतो, कारण तो निवडण्यात गेलेला वेळ बाईच्या मजुरीतून जातो. पहाटे दवात वेचायला उतरले तर कापूस जड भरतो. मी रोजाने मजुरी देऊन पाहिली. कापूस अगदी स्वच्छ आला आणि दिवस संपेपर्यंत निम्मेच वावर वेचून झाले. शेवटी दहा वाजल्यानंतर, दव उडाल्यावर वेचणी, किलोवर मजुरी, आणि संध्याकाळी प्रत्येकीची ओटी सगळ्यांच्या समोर पथारीवर ओतायची, असा शिरस्ता मी पाडला. समोर ओतायची म्हटल्यावर पाला आपोआप कमी झाला, आणि मला कोणाला एक शब्द बोलावा लागला नाही.

यावर अर्थशास्त्रात काही आहे का? आणि कृपा करून याला बायांची लबाडी म्हणू नका. ज्याचे मोजमाप होते त्याचे पैसे मिळतात, तर माणूस तेच करणार.

शून्यशेष

ताई, आहे, आणि तुमचे शेवटचे वाक्य हाच त्या सिद्धांताचा गाभा आहे. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये दाखवले की एकाच माणसाकडून दोन कामे हवी असतील, एक मोजता येणारे आणि एक न येणारे, तर मोजता येणाऱ्या कामावर तगडे बक्षीस लावल्याने दुसरे काम उपाशी राहते. अशा ठिकाणी कधी कधी बोथट मजुरी, म्हणजे तुमचा रोज, हीच शहाणपणाची ठरते. तुम्ही मात्र मजुरी बोथट न करता न मोजता येणारे काम दिसेल असे केले. रॅडनर यांच्या भाषेत तुम्ही माहितीचे विभाजन बारीक केलेत, आणि तेही काटा किंवा यंत्र विकत न घेता.

माळरान

सर्वांचे आभार. मला वाटले होते त्यापेक्षा उत्तर जास्त गुंतागुंतीचे निघाले, आणि ते बरेच झाले. दोन शंका अजून उरतात.

पहिली शंका किमतीबद्दल आहे. अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी १९४५ मध्ये म्हटले होते की किमती हीच माहिती वाहून नेणारी यंत्रणा आहे. कथिल कशामुळे महागले हे ठाऊक नसले तरी ते जपून वापरायचे एवढे प्रत्येकाला कळते. मग व्यापाऱ्याला जे ठाऊक आहे ते भावातूनच आम्हाला कळायला नको का? रोज सकाळी मोबाइलवर दहा बाजारांचे भाव येतात, तरीही आम्ही जिथल्या तिथे.

दुसरी शंका सिद्धतेबद्दल आहे. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने खरे सांगावे, अशी अट समतोलाच्या व्याख्येत घातली, तर बहिर्वक्रतेचे काय होते?

शून्यशेष

दुसरीचे उत्तर थोडक्यात देतो: बहिर्वक्रता जाते. खरे सांगण्यात फायदा राहील अशा वाटपांचा संच सहसा बहिर्वक्र नसतो आणि काकुतानी हातातून निसटतो. एडवर्ड प्रेस्कॉट आणि रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९८४ मध्ये यावर तोड काढली ती अशी की लोकांनी वस्तूंची नव्हे तर वस्तूंच्या सोडतीची देवाणघेवाण करावी. सोडतींचा संच बहिर्वक्र होतो. आपल्याकडच्या भिशीत चिठ्ठी निघते तेव्हा प्रत्येक जण रकमेऐवजी रकमेची संधी विकत घेत असतो. गणिताने जणू भिशीच उसनी घेतली. मात्र ही तोड नैतिक जोखमीला जशी नीट बसते, तशी ती प्रतिकूल निवडीला बसत नाही.

पहिल्या शंकेवर सॅनफर्ड ग्रॉसमन आणि स्टिग्लिट्झ यांचा १९८० चा लेख आहे. भावातच सगळी माहिती उतरली, तर माहिती मिळवण्यासाठी खर्च करणारा माणूस मूर्ख ठरतो, कारण ती त्याच्या शेजाऱ्याला फुकट मिळते. मग कोणीच खर्च करत नाही आणि भावात उतरायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून भाव नेहमी थोडा मुका असलाच पाहिजे. सोयाबीनच्या बाबतीत तर तो आणखी मुका केला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले आणि पुढच्या काही महिन्यांचा अंदाज ज्या एका फलकावर जाहीरपणे वाचता येत होता, तो फलक उतरला. मोठ्या तेल कारखान्याकडे स्वतःची माणसे आहेत. तुमच्याकडे मोबाइलवरचे आजचे भाव आहेत, आणि ते उद्याबद्दल फारच थोडे बोलतात.

सरकी_आणि_रुई

वायद्यांबद्दल माझे मत वेगळे आहे. आमच्या गावात त्या फलकावर हात भाजून घेतलेले दोन जण मला ठाऊक आहेत आणि ते दोघेही कास्तकार नव्हते. पण तो वाद इथे नको.

जुना_ग्रेडर

मग यावर सरकारने काय करावे, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही, म्हणून मी विचारतो.

शून्यशेष

काका, ब्रूस ग्रीनवाल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले की माहिती अपुरी असेल किंवा बाजार अपुरे असतील, तर स्पर्धेचा समतोल साधारणपणे त्या मर्यादेतलाही सर्वोत्तम नसतो, आणि योग्य करांनी किंवा अनुदानांनी सगळ्यांचेच भले होऊ शकते. ‘होऊ शकते’ आणि ‘होते’ यांच्यातले अंतर तुम्ही टेबलामागे बसून मोजलेले आहे. व्यापाऱ्याला जे दिसत नाही ते सरकारला दिसेल असे प्रमेयात कुठेही म्हटलेले नाही. सरकारजवळ सक्ती असते, डोळे जास्तीचे नसतात.

माळरान

शेवटची एक नोंद करतो, कारण बैलाचा हिशेब मी वडिलांना वाचून दाखवला. आमचाही एक बैल विकायचा आहे. चार दाती, अंगाने भरलेला, कामात कधी न बसलेला. गेल्या आठवड्यात बाजारात रुमालाखाली बोटे दाबून जो भाव आला, तो बसक्या बैलाचा होता, म्हणून आम्ही तो परत आणला.

वडिलांचे म्हणणे पडले की स्थिरबिंदूवर अडून राहण्याचे कारण नाही. घेणाऱ्याने बैल पंधरा दिवस वखराला जुंपून पाहावा. बसला तर परत आणावा, आणि आम्ही घेतलेले पैसे मोजून द्यावेत. बसक्या बैलाच्या मालकाला अशी हमी परवडत नाही, म्हणून हमी देणे हीच खूण ठरते. शिक्षण ही नोकरी देणाऱ्यासाठी खूण असते, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये जे मांडले, तेच वडिलांनी गोठ्यात उभे राहून मांडले.

मी त्यांना म्हटले की रॅडनर यांची अट इथे आडवी येते. बैल घेणाऱ्याच्या वावरात बसेल, तो आपल्याला कुठे दिसणार? त्याने चारा कमी घातला किंवा चिखलात दोन वावरांचे काम एका दिवसात काढले आणि मग ‘बसला’ म्हणून आणून सोडला, तर काय करायचे? वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की म्हणूनच बैल अनोळखी गावी द्यायचा नसतो. ज्या गावी आपली आत्या दिली आहे तिथे द्यायचा. आत्याच्या दिराचे वावर घेणाऱ्याच्या धुऱ्याला लागून आहे.

परवा तिथून माणूस बैल पाहायला येणार आहे. भाव ४५ हजारांपासून सुरू करायचा, असे ठरले आहे.